घरातील पसारा आणि पेटीतील कागद

(कुपवाड येथील बुद्धविहारात वर्षावासाच्या काळात एका रविवारी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. घरात साठलेल्या निरुपयोगी वस्तू कोणत्या, त्या कशा काढाव्यात आणि कोणत्या वस्तूंना हात लावू नये, एवढाच तो आहे. विहाराच्या चालकांनी हा विषय ठरविला तेव्हा एका वयोवृद्ध गृहस्थांनी हसत हसत विचारले, 'ज्यांच्या घरी काल-परवापर्यंत काही नव्हतेच, त्यांना टाकून देण्याचा उपदेश कसला करता?' हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर दिल्यावाचून मला पुढे बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.

आपल्या पूर्वजांच्या घरी वस्तू नव्हत्या त्या त्यांनी वैराग्यापोटी त्यागिल्या होत्या म्हणून नव्हे. त्या ठेवू दिल्या नव्हत्या. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांच्या मालमत्तेची मोजदाद आहे. कुत्री आणि गाढवे हे त्यांचे धन, प्रेतावरची वस्त्रे हा त्यांचा पोशाख, फुटकी भांडी हे त्यांचे ताट, लोखंड हा त्यांचा दागिना. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात माणसाने घरात काय ठेवावे ह्याचाही कायदा होता, हे आपण लक्षात घ्यावे. आणि हा कायदा पोथीतच राहिला असे कोणी समजू नये. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'जातिभेदाचे निर्मूलन' ह्या निबंधात त्याची ताजी उदाहरणे दिली आहेत. १९२८ साली इंदूर संस्थानातील बलाई समाजाला सवर्णांनी हुकूम सोडला की, जरीकाठी पागोटे बांधावयाचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसावयाचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचा दागिना घालावयाचा नाही. गुजरातेतील झानू गावी आपल्या भगिनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्याच कारणावरून त्यांना मारहाण झाली. ती गोष्ट १९३५ सालची आहे. म्हणजे डोक्यावरची तांब्याची घागर हा ज्यांच्यासाठी गुन्हा होता, अशा लोकांची आपण नातवंडे-पणतवंडे आहोत.

म्हणून एखाद्या घरात म्हातारी आजी माळ्यावरची पोचे आलेली घागर मोडीत घालू देत नाही, तेव्हा सून म्हणते की, म्हातारीला हव्यास सुटत नाही. भगिनींनो, हा हव्यास नव्हे. ती घागर तिने कोणत्या किमतीला मिळविली आहे, हे तिला ठाऊक आहे आणि आपणांला ठाऊक नाही. पसारा आवरावयाचा तर पहिली गोष्ट ही की, वस्तूला हात लावण्यापूर्वी तिची हकीकत विचारून घ्यावी. हकीकत ऐकल्यावर कदाचित ती घागर माळ्यावरून खाली येईल, चिंचेने घासली जाईल आणि पुन्हा पाणी भरण्याच्या कामी येईल.

परंतु त्याबरोबरच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी महाडला त्याच डिसेंबर महिन्यात स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात त्यांनी टाकून देण्याचाच उपदेश केला होता. ज्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि कथलाच्या व चांदीच्या जाडजूड दागिन्यांच्या ओझ्यावरून जात ओळखू येते, ते सर्व सोडा, असे त्यांनी सांगितले. आणि त्यांतील अनेक भगिनींनी तेथल्या तेथे नेसण्याची रीत बदलली. तेव्हा ठेवणे हेच स्वाभिमानाचे किंवा टाकणे हेच स्वाभिमानाचे, असा काही नियम नाही. वस्तू आपणांला मोठे करते की बांधून ठेवते, एवढाच प्रश्न आहे.

तथागतांनी ह्या बाबतीत भिक्खू आणि उपासक ह्यांच्यासाठी दोन वेगळी मापे सांगितली, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे आपल्याकडे फार घोटाळा होतो. भिक्खूच्या मालकीच्या वस्तू आठ: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरेचा पट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. जादा चीवर दहा दिवसांहून अधिक काळ जवळ राहिले, तर ते संघाच्या स्वाधीन करावे लागते. गृहस्थाला असे काहीही सांगितलेले नाही. सिगालाला केलेल्या उपदेशात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्यात आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावयाचा. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत मालमत्ता असण्याचे सुख आहे, ती उपभोगण्याचे सुख आहे, निर्दोष वर्तनाचे सुख आहे आणि कर्ज नसण्याचेही सुख आहे. ज्याने गरिबीलाच पुण्य म्हटले, तो धम्म हा नव्हे. वस्तूंनी गच्च भरलेले घर म्हणजे सुख, असेही तो म्हणत नाही. पण त्याकडे मी पुढे येतो.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे, ती मला फार आवडते. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचे दुकान काढणार आहे काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदाला गाठून विचारले. आनंदाने सांगितले की, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्यांना ती वाटीन. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरच्या बैठका. त्या फाटल्या की पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकीही विरली की ती कुटून, चिखलात मिसळून जमिनी सारवावयाच्या. राजा निरुत्तर झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. माझ्यापुढे बसलेल्या आयाबायांना ह्या कथेत नवे काही वाटणार नाही. लुगड्याची वाकळ, वाकळीचे बाळुते, बाळुत्याचे पोतेरे हा क्रम त्यांनी कोणतेही पिटक न वाचता चालविलेला आहे. फरक एवढाच की, आनंदाच्या प्रत्येक वस्त्राला पुढचे काम ठरलेले होते. आपल्या घरी पुढचे काम न ठरलेल्या वस्तू माळ्यावर जातात, आणि माळ्यावर गेलेली वस्तू ना कामाला येते, ना कोणाला दिली जाते.

आता देण्याविषयी बोलतो. ह्या विषयात आपला समाज इतरांहून अधिक शहाणा असला पाहिजे, कारण घेण्याचा अनुभव आपणांला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. अंगावरचे उतरलेले, शिळे उरलेले, मढ्यावरून काढलेले आपल्या पदरात वरून टाकले गेले. देणारा त्याला दान म्हणत होता. तेव्हा आज आपण आपल्या घरातील कपडे वा भांडी देणार असू, तर ती त्या रीतीने दिली जाता कामा नयेत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून आलेले कामगार पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांना स्वेटर द्यावयाचा असेल, तर तो धुऊन, तुटलेले बटण लावून, घडी घालून, दोन्ही हातांनी द्या. जे आपण स्वतः वापरू शकत नाही इतके फाटले आहे, ते माणसाला देऊ नका, त्याचे फडके करा. आणि देताना छायाचित्र काढू नका. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात येते, तिच्याशी व्यवहार करण्यात मात्र काही कमीपणा नाही. तो रोखठोक सौदा आहे आणि त्यात कोणी कोणाचा उपकार करीत नाही. फक्त त्या सौद्यात घरात नको असलेला आणखी एक डबा येणार नाही, एवढे पाहावे.

ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे अशी कुटुंबे येथे आहेत, म्हणून देव्हाऱ्याचा विषय टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर गावोगावी आपल्या लोकांनी देव्हाऱ्यातील मूर्ती आणि टाक नदीत, विहिरीत सोडले. तो काळ निराळा होता, आणि त्या वेळी तो धीर दाखविणे आवश्यक होते. आज मी वकील ह्या नात्याने एवढेच सांगेन की, प्रतिज्ञा आपली आहे, शेजाऱ्याची नाही. दुसऱ्यांना पवित्र वाटणाऱ्या वस्तूची अवहेलनेच्या हेतूने नासधूस करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९५ खाली येत असे, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ खाली येतो. हेतू किंवा कोणाला तो अपमान वाटेल ही जाणीव नसेल तर गुन्हा होत नाही हे खरे, पण हेतू नव्हता, जाणीव नव्हती हे सांगत न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या कशासाठी? चांदीचे टाक बहुधा वडिलोपार्जित असतात आणि त्यांत चुलत्यांचा, भावांचाही वाटा असतो. ज्या भावाने धम्म स्वीकारलेला नाही, त्याच्या हाती ते सन्मानाने सोपवावेत. कोणीच घेत नसेल, तर सर्वांच्या संमतीने चांदी म्हणून सोनाराकडे वजन करून द्यावी, आणि येणाऱ्या पैशांत मुलांची पुस्तके घ्यावीत.

परंतु एका वस्तूबद्दल मी इतक्या मवाळपणे बोलणार नाही. आपला जिल्हा सीमेवरचा आहे. जत, मिरज, कवठेमहांकाळ ह्या बाजूस सौंदत्तीच्या यल्लमाचे प्रस्थ फार. काही घरांत आजीच्या काळातली परडी, कवड्यांची माळ, चौंडके अजून फडताळात किंवा माळ्यावर आहे. 'असू द्या, आम्ही मानत नाही, पण टाकावयासही मन होत नाही,' असे पुष्कळजण म्हणतात. बंधूंनो, घागर आणि परडी ह्यांत फरक आहे. घरात एखादी मुलगी सतत आजारी पडली, केसात जट आली, की ती माळ्यावरची परडी कोणाला तरी आठवते आणि मुलीच्या भवितव्याचा सौदा पुन्हा सुरू होतो. मुलीला देवाला सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, आणि महाराष्ट्राने देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठी २००५ चा अधिनियम केला. सोडणारा, विधी करणारा आणि त्यात सहभागी होणारा असे सारे शिक्षेस पात्र आहेत. कायदा झाल्यावर घडलेल्या गुन्ह्याला शिक्षा करतो. फडताळातील परडी आधीच काढणे हे घरातल्या माणसांचे काम आहे. ती आठवण म्हणूनही ठेवू नये.

आता नव्या पसाऱ्याकडे येतो. आपल्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत मी दोन दोन कपाटे, तीन पेट्या, कोणी बसत नाही असा सोफा आणि लग्नात आलेले, अजून दोरीही न सोडलेले स्टीलच्या भांड्यांचे संच पाहतो. मूल अभ्यासाला बसावयाचे म्हटले, तर त्याला पाट मांडण्याइतकी भुई मोकळी नाही. त्यांतली निम्मी खरेदी हप्त्यांची आहे. आठवड्याला कर्जाचा हप्ता घेणारा माणूस दारात उभा राहिला, की घरातली स्त्री शेजारणीकडे उसने मागावयास जाते. ह्या गावात मी असे दावे पाहिले आहेत की, वस्तू मोडून भंगारात गेली आणि तिच्या कर्जाची नोटीस नंतर आली. कर्ज नसण्याचे सुख तथागतांनी चार सुखांत का मोजले असेल, ते त्या नोटिशीवरून कळते. ज्यांना नाकारले गेले त्यांनी मिळविणे, हे न्याय्यच आहे. मी तुम्हांला फ्रीज घेऊ नका असे सांगण्यास आलेलो नाही. शेजारच्या लग्नात जे दिसले ते आपल्या दाराशी दिसावे, म्हणून चौथा भागही पहिल्या भागात घालू नका, एवढेच सांगतो. लग्नात आहेर म्हणून भांडी देण्याची रीत आपण एकमेकांत ठरवून बंद करू शकतो. तो पैसा मुलीच्या नावाने बँकेत जाऊ द्या.

घर आवरताना हक्काचाही एक प्रश्न उद्भवतो, तो पुरुषमंडळींनी विशेष ऐकावा. घरातील प्रत्येक वस्तू घरमालकाची नसते. लग्नात आणि लग्नानंतर स्त्रीला मिळालेले दागिने, भांडी, कपडे हे तिचे स्त्रीधन आहे. ते सासरी ठेवले म्हणून सासरचे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी ह्यांच्या प्रकरणात दिला आहे. तेव्हा पत्नीच्या संदुकीतील वस्तू तिला न विचारता मोडीत घालणे हा पसारा आवरणे नव्हे, तो अपहार आहे. तसेच वडील वारल्यावर घर रिकामे करताना थोरला भाऊ सारे एकट्याने निकालात काढतो. वारसाहक्काच्या बाबतीत बौद्धांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित चीजवस्तूंत आईचा, मुलांचा आणि मुलींचा समान वाटा असतो. धाकट्या बहिणीला वडिलांचे घड्याळ हवे असेल, तर तिला ते मागावे लागू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण पत्करले, तिच्याकडे येतो. आणि येथे मला अधिक वेळ घ्यावयाचा आहे.

आपल्या घरी पसारा निघतो तेव्हा सर्वांत आधी काय जाते? कागद. ते वापरात नसतात, त्यांना वाळवी लागलेली असते, वाचणारा कोणी नसतो. पत्र्याची पेटी गंजली म्हणून ती आतल्या रद्दीसकट भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. दहा-वीस रुपये हाती येतात. आणि चार वर्षांनी नातीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावयाची वेळ येते, तेव्हा ते घर माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या दुसऱ्या वकिलाकडे येते.

कारण काय ते नीट समजून घ्या. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यात प्रथम केवळ हिंदू धर्मीयांचा समावेश होता. १९५६ साली शीख धर्मीयांचा झाला. धर्मांतरित बौद्धांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्र राज्याने आपल्या सवलती १९६० सालीच नवबौद्धांना दिल्या होत्या. आज कायद्याने बौद्ध कुटुंबाला हक्क आहे, पण तो सिद्ध करताना धर्मांतरापूर्वी हे कुटुंब कोणत्या अनुसूचित जातीचे होते, हे दाखवावे लागते. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्राचा अधिनियम १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे, आणि त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. समितीने सिद्ध करावयाचे नाही, तुम्ही सिद्ध करावयाचे आहे. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ह्या तारखेला किंवा त्यापूर्वी आपले कुटुंब ह्या प्रदेशात होते, हे दाखविणारा कागद लागतो. भटक्या-विमुक्त समाजातून ज्यांनी धम्म स्वीकारला, फलटणच्या बाजूचे लक्ष्मण माने ह्यांच्यासमवेत २७ मे २००७ रोजी मुंबईत ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्यासारख्या कुटुंबांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे.

आणि येथे आपली मोठी अडचण आहे. धर्मांतरानंतर आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आपण अभिमानाने 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिले. ते योग्यच केले. त्यामुळे जुन्या जातीचे नाव ज्यावर आहे तो कागद आजोबा-पणजोबांच्या काळचाच असतो, आणि तोच आपण उत्साहाच्या भरात काढून टाकतो. एका घरी तर मुलाने मला सांगितले की, पणजोबांचा शाळेचा दाखला त्याने मुद्दाम जाळला, कारण त्यावर ते नाव होते. त्याचा संताप मला समजतो. ज्या नावाने हाका मारून गावाने पाय धुऊन घेतले, ते नाव पेटीत तरी कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु ते नाव आपल्या मनातून आणि वागणुकीतून काढावयाचे आहे, पुराव्यातून नव्हे. खुन्याचे नाव नको वाटते म्हणून फिर्यादीचा कागद कोणी जाळीत नाही. तो कागद आपल्यावर झालेल्या अन्यायाची फिर्याद आहे, आणि तिची भरपाई आपल्या लेकरांना मिळावयाची आहे.

तेव्हा पेटी उघडली की कोणते कागद वेगळे काढावयाचे, ते सांगतो. आजोबा, पणजोबा, चुलते ह्यांचे शाळा सोडल्याचे दाखले. ज्या स्त्रियांनी पूर्वी दोन इयत्ता शिकल्या, त्यांचेही ठेवा, परंतु जातीच्या पुराव्यासाठी वडिलांकडचे रक्तनाते लागते हे ध्यानात धरा. जन्म-मृत्यूच्या नोंदीचे उतारे. सातबारा, आठ-अ, फेरफार. सैन्यात किंवा गिरणीत, रेल्वेत नोकरी केली असेल तर तिची पुस्तके. कुटुंबात कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत, कारण वडिलांकडच्या रक्ताच्या नातलगाचे असे प्रमाणपत्र हा भक्कम आधार असतो. आणि जो कागद मोडीत आहे म्हणून वाचता येत नाही, तो तर मुळीच टाकू नका. वाचता न येणारा कागद निरुपयोगी असतो, हे निरक्षरतेच्या काळातले मत आहे.

ह्याखेरीज आणखी एका जातीचे कागद आहेत, ते म्हणजे वतनाचे. महार वतन हे गुलामीचे जोखड आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले होते. ते जोखड १ फेब्रुवारी १९५९ रोजी कायद्याने उतरले. कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि सारापट्टीच्या ठराविक पटीत रक्कम भरल्यावर जमिनी वतनदारांना परत देण्यात आल्या. त्या रकमेच्या पावत्या, जमीन परत दिल्याचे हुकूम अनेक घरांत घडीवर फाटून चार तुकडे झालेल्या अवस्थेत पडलेले आहेत. 'वतन गेले, आता त्या कागदांचे काय?' असे म्हणून ते टाकू नका. ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे ठाऊक नसल्याने किंवा ठाऊक असूनही लोकांनी ती कवडीमोलाने लिहून घेतलेली आहे. अशा प्रकरणात तुमच्या हाती असलेला तो चिटोराच न्यायालयात बोलतो. वतनाची घुंगुरकाठी मात्र कोणाच्या घरी उरली असेल, तर ती घरात ठेवावी असे मला वाटत नाही आणि जाळावी असेही वाटत नाही. विहारातल्या काचेच्या कपाटात ती चिठ्ठी लावून ठेवावी, म्हणजे मुलांना पाहता येईल. हे माझे वैयक्तिक मत झाले.

जुन्या नोंदीचे मोल किती असते, ह्याचे उदाहरण आपल्याच बाजूचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात १९१४ ह्या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. ते रजिस्टर कोणी रद्दीत काढले नाही. म्हणून आज त्या नोंदीपुढे आपण उभे राहू शकतो, आणि महाराष्ट्रात २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या आजोबांचे नावही कुठल्या तरी शाळेच्या रजिस्टरात आहे. घरचा दाखला हरवला असेल, तर त्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या नोंदींच्या प्रमाणित नकला मागता येतात. आता मागा. प्रवेशाच्या महिन्यात सारा जिल्हा तेथे रांगेत उभा असतो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा सांगलीत काय झाले ते आपण पाहिले. कुपवाड उंचावर आहे, पण आपल्या पुष्कळांचे नातलग खाली आहेत. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला गाद्या, कपाटे, दूरचित्रवाणी संच ह्यांचे ढीग लागले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या ढिगांत ज्यांची कपाटे गेली, ते दोन वर्षांत सावरले. ज्यांचे कागद भिजून लगदा झाले, त्यांतील काहीजण अजून नकलांसाठी हेलपाटे घालीत आहेत. म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी एका लहान पेटीत, आणि ती पेटी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असलेल्या एकाच जागी असू द्या. प्रत्येक कागदाच्या दोन नकला काढून एक बहिणीच्या घरी ठेवा, आणि भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र घ्या. मूळ कागद मात्र कोणाच्याही हाती, मध्यस्थाच्या तर नाहीच नाही, सोडू नका.

पुस्तकांविषयी दोन शब्द. घर आवरताना पुस्तके वजनावर जातात. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते, ती पाणतीराच्या माऱ्याने बुडाली आणि परदेशात पोट मारून जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. त्यानंतर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ग्रंथ जमविले आणि दादरचे राजगृह मुख्यतः त्यांच्यासाठी बांधले. आपण सर्वांनी राजगृह बांधावे असे नाही. परंतु मुलाची सातवीची पुस्तके झाली, की ती शेजारच्या सहावीतल्या मुलाला द्यावीत, आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके विहारात आणून ठेवावीत. येथे एक कपाट रिकामे आहे. मी सकाळी पाहिले, त्यात सध्या मंडपाच्या दोऱ्या आहेत.

पुढल्या दोन रविवारी सकाळी नऊपासून मी आणि माझे दोन सहकारी वकील ह्याच ठिकाणी बसणार आहोत. ज्यांच्या घरी जुन्या पेट्या आहेत, त्यांनी त्या जशाच्या तशा, निवड न करता घेऊन याव्यात. कोणता कागद कामाचा आणि कोणता रद्दीचा, हे आम्ही समोर बसून सांगू, यादी करून देऊ, आणि पेटी त्याच दिवशी परत नेता येईल. फी नाही. वाळवी लागली असेल तर पेटी आधी उन्हात ठेवा, पण कागद झटकू नका, तुकडे पडतात. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी तरुणांनी जाऊन निरोप द्यावा, आणि शक्य तर त्यांनाच पेटीबरोबर घेऊन यावे, कारण कागदावरची नावे कोणाची, हे बहुधा त्यांनाच सांगता येते.

नमो बुद्धाय. जय भीम.